भूत चालेल, पण सभ्य हवं

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

अक्षर वाकडं आलंय ते झोपून लिहितेय म्हणून. घाबरू नकोस. एका गिऱ्हाइकाच्या घरी पडद्यांची मापं घ्यायला स्टुलावर चढले, आणि स्टूल एका बाजूला गेलं, मी दुसऱ्या. उजवा पाय मोडला आणि डावं मनगट मुरगळलं. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच महिने जागचं हलायचं नाही. शिवणयंत्र समोर आहे, त्यावर एका बाईंचा अर्धा झगा तसाच अडकलाय, आणि यंत्र आणि मी एकमेकांकडे बघत बसतो.

फोन करू नकोस. मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेल्या निम्म्यात तू "ठेवते हं, दूध उतू जातंय" म्हणतेस. मागच्या वेळी तू म्हणालीस "कपाट उघडतं" आणि मी ऐकलं "कपाळ उठतं". चार दिवस तुझ्यासाठी बामाची चौकशी करत होते. त्यापेक्षा पत्र बरं.

तर काम असं. मला पुस्तकं पाठव. तीस वर्षं वाचनालयात बसून लोकांना पुस्तकं देतेयस, पण मला कधी दिलं नाहीस, आणि मीही मागितलं नाही. सुई हातात असली की पान कोण उलटणार? आता वेळच वेळ आहे. मला काय हवं ते नीट सांगते. गोष्ट जुन्या काळातली हवी, महाल, घोडे, तलवारी वगैरे. प्रेम हवं, पण दोघांनी पहिल्याच पानावर एकमेकांना मिळून जाऊ नये, पुढे मी काय करू? थोडं रहस्य हवं. भूत चालेल, पण सभ्य हवं. अंगावर धावून येणारं नको, मला सध्या पळता येत नाही. शेवटी कोणी मरू नये. मरायचंच असेल तर दुष्ट माणसाने मरावं, आणि जरा सावकाश.

पार्सलवर "तळमजला" लिही. पोस्टमन जिना चढत नाही, आणि खालचे शेजारी आणून देतील.

तुझी
वन्सं


९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स्टुलावर चढायचं वय आहे का तुमचं? मी तर म्हणते, प्लास्टर निघालं की इकडे माझ्याकडे या, कायमच्या. तुमचे दादा गेल्यापासून घरात एक अख्खी खोली रिकामी आहे. पण तुम्ही ऐकणार नाही हे माहीत आहे, म्हणून पुस्तकं पाठवते.

माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, "काहीतरी चांगलं द्या." मी आधी विचारते, झोप येते का, कोणाशी भांडण झालंय का, घरात किती माणसं आहेत. मग पुस्तक काढते. परवा एक लोहार आले, लेकीचं लग्न करून नुकते मोकळे झालेले. त्यांना लढाईचं पुस्तक हवं होतं, मी बळंच प्रेमकथा दिली. परत करायला आले तेव्हा डोळे लाल, आणि म्हणाले, "याचा दुसरा भाग आहे का?" खाली टायरचं दुकान असल्यामुळे माझ्या सगळ्या पुस्तकांना रबराचा वास येतो. तुम्हालाही येईल, तेवढा सहन करा.

दोन पाठवते. पहिलं 'सातव्या जिन्यावरची राणी'. राणीला महालात रोज कोणीतरी फुलं ठेवून जातं आणि तो माणूस शंभर वर्षांपूर्वी मेलेला असतो. तुम्हाला वाटेल, मग प्रेम जमणार कसं? जमतं. दुसरं 'बुरुजावरची बासरी'. यातलं भूत अत्यंत सज्जन आहे, दार वाजवून आत येतं. नायक थोडा मंद आहे, पण मनाचा चांगला. शेवट सुखाचा. आधी शेवट वाचू नका.

माझं बरं चाललंय. काळजीचं काही नाही.

तुमची
वहिनी


२४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दोन्ही पुस्तकं संपली. रबराच्या वासाची सवय झाली, आता नुसत्या हवेत वाचता येणार नाही.

म्हणजे मी वाचली नाहीत, ऐकली. झालं काय, पुस्तक जाड आणि माझं मनगट अधू. छातीवर ठेवलं तर श्वासागणिक ओळ हलते. खालचे गृहस्थ पार्सल घेऊन वर आले तेव्हा माझी ही धडपड त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "मी वाचून दाखवू का?" हे गृहस्थ बसस्टँडवर घोषणा करायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकटेच असतात, बूट अगदी लख्ख ठेवतात.

अगं, मला पहिल्यांदाच एखाद्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. पण सवय जात नाही ना त्यांची. "राजकन्या. दालनात. येत आहे. सेनापतींनी. कृपया नोंद घ्यावी." हे 'नोंद घ्यावी' पुस्तकात नाहीच. दोघांचं पहिलं चुंबन आलं तेव्हा ते थांबले, पाणी प्यायले, आणि ते इतकं स्पष्ट आणि मोठ्याने वाचलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मग दोन मिनिटांनी परत उघडली. आता रोज संध्याकाळी त्या जिन्यात खुर्ची टाकून बसतात. समोरच्या दंतवैद्याचे पेशंट दाढ काढून झाली तरी घरी जात नाहीत. गालाला कापूस लावून भूत कधी येतंय याची वाट बघतात.

माझी एकच तक्रार. 'सातव्या जिन्यावरची राणी'मध्ये ती पाठीवरची सगळी बटणं स्वतःच्या हाताने, अंधारात, एकटीने लावते आणि मग कड्यावरून खाली उडी मारते. उडी मी मान्य केली. बटणं नाही.

घोषणावाल्यांना दोन्ही पुस्तकं फार आवडली. निवडली कोणी, असं विचारत होते. मी म्हटलं, आमच्या वहिनीने. त्यांचा आवाज असा आहे की प्लास्टरच्या आतल्या मुंग्यासुद्धा थांबतात.

आणखी पाठव.

तुझी
वन्सं


१ मार्च

प्रिय वन्सं,

तुमच्या पत्रात मोडलेल्या पायाबद्दल एक ओळ आहे आणि घोषणावाल्यांबद्दल दीड पान. बुटांपर्यंत.

मी लहान तोंडी मोठा घास घेत नाही. तुम्ही धाकट्या नणंद असलात तरी वयाने माझ्याच बरोबरीच्या, तुम्हाला जग कळतं. पण आपण दोघी पुस्तकात बघतो ना, बाई एकटी असते, अंथरुणाला खिळलेली असते, आणि नेमका तेव्हाच गोड आवाजाचा माणूस जिना चढून येतो. पुढे काय होतं ते मी शेकडो वेळा वाचलेलं आहे.

सोबत 'मधुरकंठ सरदार' पाठवते. हा सरदार एका श्रीमंत बाईला रोज संध्याकाळी काव्य वाचून दाखवत असतो. बाकी काही सांगत नाही, रहस्य फुटेल. फक्त बाराव्या प्रकरणात तो स्वतःच्या हाताने काढा करून आणतो, तिथे नीट लक्ष द्या.

ते तुम्हाला काही करून पाजतात का?

दुसरं पुस्तक 'काळ्या तळ्याची कुलवधू'. यात भूत तळ्यात राहतं आणि घाईने लग्न करणाऱ्या बायकांना वेळीच सावध करतं. फार समंजस भूत आहे.

तुमची
वहिनी


१४ मार्च

प्रिय वहिनी,

'मधुरकंठ सरदार' वाचून झालं. इमारतीत काय गोंधळ उडाला ते सांगते.

बारावं प्रकरण आलं आणि नेमकं त्याच दिवशी घोषणावाल्यांनी माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा आणला होता. ते वाचतायत, "सरदाराने. पेला. पुढे केला." आणि मी कप तोंडाला लावलेला. जिन्यातली सगळी माणसं दारात येऊन माझ्या कपाकडे बघायला लागली. दंतवैद्य तर हातात चिमटा घेऊन उभा. घोषणावाल्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाले, "कृपया निर्धास्त प्यावा. साखर दीड चमचा आहे." मी प्यायले. नंतर पुढचं सगळं प्रकरण होईपर्यंत दर पानाला कोणीतरी विचारत होतं, "बरं वाटतंय ना?"

ते काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, "हा सरदार दुष्ट आहे हे मला दुसऱ्या प्रकरणातच कळलं. पण या बाई पुस्तक फार विचार करून निवडतात. यांनी पाठवलेल्या प्रत्येक पुस्तकात एक गोष्ट सारखी आहे. भूत असो, विष असो, शेवटच्या पानावर सगळे एकत्र जेवायला बसतात." मग म्हणाले, "त्या एकट्या जेवत असाव्यात."

मी रिकामा कप त्यांच्या हातात दिला.

त्यांनी स्वतःसाठी एक पुस्तक मागितलंय. म्हणतात, आयुष्यभर लोकांना कोणती गाडी कुठे लागते ते सांगितलं, स्वतः कुठे गेलो नाही. तर लांबचा प्रवास असलेलं, जुन्या काळातलं आणि प्रेमाचं हवं. नायक वयस्कर असला तर बरं. असं आहे का तुझ्याकडे?

आणि हो, तुझा एखादा अलीकडचा फोटो असला तर पाठव, माझी भिंत फार ओकीबोकी दिसते. हल्ली तू कोणते रंग वापरतेस? सहज विचारलं. हात बरा झालाय, काहीतरी शिवावंसं वाटतंय.

तुझी
वन्सं


२० मार्च

प्रिय वन्सं,

मी कशी जेवते याच्याशी तुमच्या घोषणावाल्यांना काय करायचंय? मी माझ्या घरात बसून, माझ्या ताटात, सुखाने जेवते. समोर पुस्तक असतं. पुस्तक उघडं धरायला वरणाची वाटी ठेवते. याला एकटं जेवणं म्हणत नाहीत.

फोटो आणि रंग कशाला हवेत ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. भिंतीची सबब नका सांगू. घरात कार्य निघालं की शिवणाऱ्या बाईला आधी जवळच्या बायकांचे कपडे शिवावे लागतात. बरं, तुमचं ठरलेलंच दिसतंय तर मी आडवी येणार नाही. हिरवा चालेल. लाल नको.

आता पत्रच लिहितेय तर मनातलं सगळं लिहिते. तुमचे दादा गेले तेव्हा सगळे आले आणि सगळे गेले. त्या घरातलं माझं म्हणून जे राहिलं ते तुम्ही. तुम्ही तिकडे होतात, वर्षातून एकदा यायचात, माझ्या हातच्या आमटीला नावं ठेवायचात, पण कोणीतरी मला वहिनी म्हणणारं होतं. तुम्ही लग्न करून दुसऱ्या घरच्या झालात की मी कोणाची वहिनी राहणार? वाचनालयात मला सगळे "बाई" म्हणतात.

मी फोनवर कपाटाचं सांगत होते ते तुम्हाला ऐकूच आलं नाही. दादांचं कपाट संध्याकाळी आपोआप उघडतं, हो. कडी लावून ठेवते तरी उघडतं. करकर आवाज होतो, आणि त्यांचे कोट दिसतात. मी म्हणते, आलात का? मग मला बरं वाटतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. इतकी भुतांची पुस्तकं वाटणारी बाई असं म्हणायला लागली तर लोक काय म्हणतील?

घोषणावाल्यांसाठी पुस्तक सध्या नाही.

तुमची
वहिनी


२७ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की पाय ठणकला, आणि मग शेवटाकडे आले तेव्हा हसू थांबलं.

अगं बाई, मी लग्न करतेय असं तुला कोणी सांगितलं? मला या वयात कोणाच्या घोरण्याची सवय लावून घ्यायची नाही. माझ्या घरात कात्री जिथे ठेवली तिथेच सापडते, हे सुख मी कोणत्याही सरदारासाठी सोडणार नाही. घोषणावाले माझ्याबद्दल कधी काही विचारत नाहीत. पायाचंही नाही. ते तुझ्याबद्दल विचारतात. पहिल्या पुस्तकापासून. "वहिनींनी हे का निवडलं असेल?" "वहिनींना हा नायक आवडला असेल का?" पुस्तक वाचून झालं की तासभर बसतात आणि तुझाच विषय. माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला. फोटो त्यांना दाखवायला हवा होता. रंग विचारला तो तुझ्यासाठीच.

आता दादाचं. दादा तुझा नवरा व्हायच्या आधी माझा भाऊ होता, तेव्हा हे बोलायचा हक्क मला आहे. दादा जिवंतपणी एकदा खुर्चीत बसला की घराला आग लागली तरी उठायचा नाही. पाणीसुद्धा जागेवर मागायचा. असा माणूस मेल्यावर रोज संध्याकाळी कपाट उघडायला येईल असं मला वाटत नाही. लाकूड आहे, ऊन उतरलं की आकसत असेल. आणि समज, तोच असला, तर तो एवढंच सांगतोय की हे कोट कोणाला तरी देऊन टाक, कसर लागतेय. त्याला कपड्यांची नासाडी कधी बघवली नाही. आमचं घरच तसलं.

तू तीन वर्षं एका कपाटाशी बोलतेयस आणि मला कळू दिलं नाहीस, याचा मला राग आलाय. पण तो नंतर.

त्या माणसाला एकदा भेट. एवढंच म्हणते.

तुझी
वन्सं


२ एप्रिल

वन्सं,

मी म्हणजे पार्सल नाही, तळमजल्यावर उतरवून घ्यायला.

इतके दिवस माझी पत्रं तुम्ही एका परक्या माणसाला वाचून दाखवत होतात का? आणि मी इकडे विष, काढा, घाईचं लग्न असलं काय काय लिहून बसले. त्यांनी काय समजायचं माझ्याबद्दल?

पुस्तकं परत पाठवा. वाचनालयाची आहेत.

वहिनी


२२ एप्रिल

प्रिय वहिनी,

पुस्तकं सोबत पाठवतेय. 'मधुरकंठ सरदार'ची पाठ फाटली होती ती घोषणावाल्यांनी खळ लावून चिकटवली. आता तुझ्या वाचनालयात तेवढं एकच पुस्तक असेल ज्याला रबराचा वास येत नाही.

तुझं पत्र मी त्यांना कधीही वाचून दाखवलेलं नाही. एक ओळसुद्धा नाही. तोंडी सांगितलं ते सांगितलं. पण तुझं म्हणणं बरोबर आहे, मी तुला न विचारता हे सगळं केलं. आयुष्यभर लोकांना मापं घेऊन कपडे शिवून दिले आणि तुझंच माप न घेता कापड कापलं.

त्यांनाही सांगितलं. म्हटलं, आमची वहिनी रागावली, आता पुस्तकं येणार नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वर यायचे बंद झाले. जिन्यातली खुर्ची रिकामी आहे. वरच्या बाईंनी मला विचारलं, "मग त्या तळ्याच्या भुताचं काय झालं?" त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय. मी स्वतः वाचून दाखवायचा प्रयत्न केला तर दंतवैद्य म्हणाला, ताई, तुम्ही राहू द्या.

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या काठीसारखा दिसतो. रोज व्यायामाला दवाखान्यात जाते, रिक्षाने, रडत.

तू रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी
वन्सं


६ मे

प्रिय वन्सं,

मी न कळवता तुमच्या दारात येऊन उभी राहिले, दोन दिवस राहिले, तुमच्या हातची आमटी खाल्ली आणि परत आले. एवढं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दवाखान्यातून परतलात तेव्हा मी आणि ते जिन्यात भांडत होतो, हेही तुम्ही पाहिलंत. त्याच्या आधी काय झालं ते मी तुम्हाला तिथे सांगितलं नाही, कारण सांगताना माझं तोंड कसं होईल ते तुम्हाला दिसलं असतं. इथून लिहायला बरं.

मी तुमचा पाय बघायला आले होते. फक्त पाय. हातात पिशवी, जिना अंधारा, मी पहिली पायरी चढले आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पहिल्या मजल्यावर जाणाऱ्यांनी उजवीकडच्या कठड्याला धरावे. डावीकडचा सैल आहे."

वन्सं, माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तो आवाज मला माहीत होता. आमच्या वाचनालयासमोर स्टँड आहे ना, तिथे दिवसभर तोच आवाज चालू असतो. मी समजत होते आमच्याच गावातलं कोणीतरी असेल. त्यांनी कधीतरी एकदा सगळ्या स्टँडांसाठी घोषणा बोलून ठेवल्या होत्या, त्या अजून वाजतात. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची घोषणा झाली की मी पुस्तकं आवरते आणि वाचनालय बंद करते. दादा गेल्यावर कित्येक दिवस मला दिवसभरात नावानिशी हाक मारणारं कोणी नव्हतं, पण संध्याकाळी तो आवाज म्हणायचा, "प्रवाशांनी आपले सामान सोबत ठेवावे," आणि मी रिकाम्या वाचनालयात म्हणायचे, "हो, ठेवलंय."

हे मी त्यांना सांगितलं नाही. मला एवढंच सुचलं की मी म्हटलं, "तुम्ही 'फलाट क्रमांक सहा' म्हणताना सहावर नेहमी श्वास सोडता. सहा ऐकूच येत नाही. माझ्याकडचे निम्मे वाचक चुकीच्या गाडीत बसतात."

ते पिशवीतून पडलेली संत्री गोळा करत होते. ते तसेच खाली बसून म्हणाले, "त्या दिवशी मला सर्दी होती. मी सांगितलं होतं पुन्हा घेऊ या, कोणी ऐकलं नाही. एवढ्या वर्षांत हे ओळखणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मग आम्ही 'मधुरकंठ सरदार'वरून भांडलो. त्यांचं म्हणणं, सरदाराला शेवटी पश्चात्ताप व्हायला हवा होता. मी म्हटलं, विष देणाऱ्याला कसला पश्चात्ताप? तेवढ्यात तुमची रिक्षा आली.

माझ्या टेबलाच्या खणात एक पुस्तक मी मार्चपासून बाजूला काढून ठेवलेलं होतं. 'मिठाच्या वाटेवरचा तांडा'. नायक वयस्कर आहे, लांबचा प्रवास आहे, वाळवंटात एक दिवा दिसतो आणि कोणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही. नाही म्हटलं होतं तरी काढून ठेवलं होतं. येताना पिशवीत टाकलं आणि निघताना त्यांना दिलं. परत करायची तारीख घातलेली नाही.

दादांचे कोट मी काल लोहारांना दिले. त्यांना खांद्यात घट्ट होतात. म्हणाले, सैल करून घेतो.

तुमची
वहिनी


१५ मे

प्रिय वहिनी,

मला सगळं समजलं होतं. तू जिन्यात भांडत होतीस आणि तुझ्या पायात एकच चप्पल होती. दुसरी दोन पायऱ्या खाली पडलेली. तुला पत्ताच नव्हता.

घोषणावाले पुन्हा वर यायला लागले. 'मिठाच्या वाटेवरचा तांडा' मात्र मोठ्याने वाचत नाहीत. म्हणतात, हे माझं आहे. वरच्या बाई फार नाराज आहेत. त्यांच्यासाठी तळ्याच्या भुताचं पुस्तक परत पाठव, नाहीतर त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात ते तुमच्या गावाला येतायत. मला म्हणाले, स्टँडवर जाऊन सहाचं काय होतं ते स्वतः ऐकायचंय. बूट तीनदा पुसले.

तुझी
वन्सं


११ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

तुम्ही फोनवर विचारत होतात ते मला नीट समजलं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही बहुतेक असं विचारलंत की, "कार्याला मी कोणाच्या बाजूने बसायचं?" मी "हो, हो" म्हणाले, कारण दूध खरंच उतू गेलं होतं.

आम्ही पुढच्या महिन्यात नोंदणी करतोय. गाजावाजा नाही. त्यांच्याकडून दंतवैद्य आणि वरच्या बाई येतायत. माझ्याकडून लोहार, टायरवाले आणि वाचनालयातले जे कोणी योग्य गाडीत बसतील ते. हिरवा शिवा. गळा बंद नको, अजून इतकी म्हातारी झालेली नाही.

ते रोज वाचनालयात येऊन बसतात. पुस्तकं देताना मध्येच बोलतात. काल एका बाईंना मी भुताची गोष्ट देत होते तर हे मागून म्हणतात, "त्यापेक्षा बासरीवाली द्या." मी रागावले. त्या बाईंनी बासरीवालीच नेली. आमचं रोज एक भांडण होतं आणि मग जेवायला वेळ होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी त्यांना परवा सरळ विचारलं, तुम्हाला बहीण आहे का? म्हणाले, नाही, कोणीच नाही. मी म्हटलं, बरं झालं. मग त्या घरातही नणंदेची जागा रिकामीच आहे, आणि ती मी आधीच भरून टाकलेली आहे. त्यांना विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, "नोंद घेतली."

तेव्हा कुठेही बसा, वन्सं. दोन्हीकडून तुम्हीच आहात. फक्त स्टुलावर बसू नका.

तुमचीच
वहिनी